हात मागे बांधून

जुन्या गाड्यांच्या रॅलीला जायचं होतं नवऱ्याला. गेलो मी आणि सासूबाई.

झालं असं, की शनिवारी रात्री त्याने माळ्यावरून कॅमेऱ्याची बॅग काढली आणि तिथेच कंबर धरून खाली बसला. बाम झाला, शेकाची पिशवी झाली. पहाटे पाचला त्याने हार मानली. "तू तरी जाऊन ये. फोटो काढ. रोल्स रॉइसचे नीट काढ." मला गाड्यांतलं कळतं ते एवढंच, की आमच्या गाडीला क्लच नाही. मी नाहीच म्हणणार होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "चल, मी येते."

सासूबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. गुडघे कुरकुरतात, पण डोळे आणि जीभ शाबूत. पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून गाडी या विषयावर मी अवाक्षर ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील, तात्या, बेस्टमध्ये ड्रायव्हर होते एवढं ठाऊक होतं. पण बेस्टच्या आधी ते बरीच वर्षं मलबार हिलवरच्या एका शेठची गाडी चालवायचे, आणि हे सगळं बिऱ्हाड बंगल्याच्या गॅरेजवरच्या एका खोलीत राहायचं, हे मला मुलुंड ते सीएसएमटीच्या लोकलमध्ये कळलं. रविवार होता. मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचायचं म्हणून साडेसहाची गाडी पकडलेली, डबा रिकामा, आणि सासूबाई खिडकीशी बसून सांगत होत्या: खाली शेठची शेवरलेट, वर आम्ही सहा जण, आणि फरशीच्या फटींतून सतत पेट्रोलचा वास. "मला अजून पेट्रोल पंपावर गेलं की माहेरी आल्यासारखं वाटतं."

त्या शेवरलेटच म्हणतात. शेवर्ले नाही, शेव्हरोले नाही. दिवसभरात तीन जणांनी त्यांचा उच्चार सुधारायचा प्रयत्न केला, त्यांनी एकालाही भीक घातली नाही.

स्टेशनबाहेर दोन टॅक्सीवाल्यांनी जवळचं भाडं म्हणून मान फिरवली. तिसरा तयार झाला. अर्थात वॅगन आर. काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात मोठमोठे लेख आले होते आणि आमच्या घरात नवरा सोडून कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

हॉर्निमन सर्कलला पोचलो तेव्हा आठ वाजायचे होते. मधली बाग, भोवती वर्तुळाकार दगडी इमारतींच्या कमानी, आणि त्या कमानींतून एकेक गाडी खोकत-खाकरत येत होती. आधी ऐकू यायची, मग दिसायची. हा अनुभव मला नवीन. आताच्या गाड्या सगळ्या एकाच सुरात गुणगुणतात, इथे प्रत्येकीचा गळा वेगळा. एक शिलाई मशीनसारखी टकटकत आली, दुसरी घसा बसलेल्या माणसासारखी. आणि एक इतकी गप्प आली, की ती मागे येऊन उभी राहिल्याचं आम्हाला भोंगा वाजल्यावर कळलं. ती नवऱ्याची रोल्स रॉइस.

काम आधी उरकावं म्हणून तिचे फोटो काढले. १९३०च्या आसपासची, काळी आणि पिवळसर. समोरची जाळी म्हणजे सरळ उभे पट्टे आणि वर त्रिकोणी माथा, अगदी एखाद्या ग्रीक देवळाचा दर्शनी भाग. ती उभी होती एशियाटिक लायब्ररीच्या, म्हणजे जुन्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांसमोर, आणि मागे त्याचे ग्रीक धाटणीचे डोरिक खांब. फोटोत दोन देवळं आली, एक १८३३चं आणि एक चाकांवरचं. नवऱ्याने नंतर हा फोटो पाहून 'चाकं कापलीस' एवढाच अभिप्राय दिला. जाळीवर ती प्रसिद्ध बाई, १९११पासून रोल्सच्या नाकावर पुढे झुकून उभी असलेली. सासूबाईंनी ती बराच वेळ निरखली. "पदर बरा सांभाळलाय हिने. एवढ्या वाऱ्यात."

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं, की त्या कुठल्याही गाडीपाशी गेल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधतात. गर्दीतली पोरं काचांना नाक लावत होती, मोठी माणसं बॉनेटवर कोपर टेकून सेल्फी काढत होती, पाट्यांवर 'हात लावू नये' असं लिहिलं होतं ते कुणी वाचत नव्हतं. आणि ही बाई शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशी. विचारलं तर म्हणाल्या, "तात्यांचा नियम होता. गाडी बघायची तर हात मागे. बोटाचा ठसा दिसला की शेठ तात्यांना बोलायचे."

फोर्ड मॉडेल टीभोवती सर्वांत जास्त घोळका होता. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटी निघाल्या, म्हणजे काळ बदलणारी गाडी, पण चालवायला विचित्र. मालकाने हौसेने समजावून सांगितलं. खाली तीन पेडल. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्धं दाबलं की न्यूट्रल, सोडून दिलं की वरचा गिअर. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं. मग अॅक्सिलरेटर कुठे? तो हाताशी, स्टिअरिंगखाली उजवीकडे एक दांडी. डावीकडेही तशीच एक दांडी, ती ठिणगी लवकर पडायची की उशिरा हे ठरवायला. म्हणजे आज जो माणूस सवयीने उजव्या पेडलवर पाय ठेवून निघायला बघेल तो जागच्या जागी राहील, आणि क्लच म्हणून मधल्यावर पाय दिला तर मागच्याच्या अंगावर जाईल. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पेट्रोल नुसतं उतारावरून वाहत कार्ब्युरेटरला जायचं, त्यामुळे टाकी अर्धीमुर्धी असताना चढ मोठा आला की पेट्रोल पोचायचंच नाही. मग लोक गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. मी मनातल्या मनात बोरघाट उलट्या तोंडाने चढून पाहिला आणि मान अवघडली.

मालकाने हँडल मारायचं प्रात्यक्षिकही केलं. पुढे जाळीखालच्या भोकात लोखंडी हँडल घातलं, थोडं खालून वर ओढलं. सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "अंगठा बघ, अंगठा." त्याने अंगठा दांड्याला वेढला नव्हता, चार बोटांच्याच बाजूला ठेवला होता. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका देतं, हँडल फाडकन मागे फिरतं, आणि वेढलेला अंगठा किंवा मनगट मोडतं. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हळूहळू ही धास्ती गेली, पण जुन्या गाड्या पुढे कैक वर्षं हँडलवरच चालत राहिल्या. तात्यांचा उजवा अंगठा कायमचा वाकडा होता. शेवरलेटच्या आधी शेठकडे एक जुनी फोर्ड होती, तिचा हा प्रसाद. "जेवताना भाताचा घास त्यांना नीट धरता यायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या गाडीकडे वळल्या.

पुढे एक ऑस्टिन सेव्हन होती, इतकी चिमुकली की तिच्यापुढे आमची हॅचबॅक ट्रक वाटावी. मॉरिस मायनर होती. तिचा इंडिकेटर म्हणजे दोन दारांमधल्या खांबातून टुक्कन बाहेर येणारा केशरी हात. मालकाने चार वेळा डावा-उजवा करून दाखवला आणि चारही वेळा पोरं हसली. मग मात्र मला कंटाळा यायला लागला. खरं सांगते, सगळं काही मनाला भिडलं नाही. काही गाड्या इतक्या घोटून रंगवल्या होत्या, की कारखान्यातूनही त्या अशा आरशासारख्या बाहेर पडल्या नसतील. त्यांच्याजवळ गेलं की आपलाच चेहरा दिसतो, गाडी दिसत नाही. मला आवडली ती एक फिकट हिरवी डुक्कर फियाट. मडगार्डला एक पोचा, आत सीटवर आजीच्या साडीचं वाटावं असं कव्हर, मागच्या काचेपाशी झुलती मान असलेला कुत्रा.

डुक्कर फियाट हे नाव कुणी ठेवलं देवजाणे, पण त्याहून अचूक बारसं मी पाहिलेलं नाही. गुबगुबीत पाठ, पुढे आलेलं नाक, आणि दोन गोल डोळे. इटलीची ही ११००. मुंबईत ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार व्हायची. तो कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा, १९४४ साली काढलेला. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, आणि पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार उघडलं की पुढून येणारा वारा ते आणखी फाकवणार. याच कुळात पुढे पद्मिनी झाली. फियाटवाल्या काकांशी सासूबाईंचं चांगलं जमलं. त्यांच्याकडून एक नवीन गोष्ट कळली. सरकारने २०२१मध्ये नियम केला, की पन्नास वर्षं पूर्ण झालेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, आणि अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत.

"पन्नास?" मी म्हटलं. "म्हणजे अहो आई, तुमचा मुलगाही बसतो की."

"छे. त्याची बॉडी ओरिजिनल कुठे राहिलीय."

काका इतके हसले, की त्यांनी आम्हाला थर्मासमधला चहा दिला.

चहा घेता घेताच सासूबाई थांबल्या. बागेच्या कठड्यालगत एक मोठी, मरून रंगाची गाडी नुकतीच येऊन लागत होती. रुंद मडगार्ड, पाठ उतरती, पुढे चांदीच्या आडव्या पट्ट्यांची जाळी. पाटीवर लिहिलं होतं, शेव्हरोले फ्लीटमास्टर, १९४८. सासूबाईंनी कप माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि हात मागे बांधून गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. डावीकडून उजवीकडे. मला वाटलं आता डोळे भरून येणार, मी पर्समध्ये रुमालही शोधला. त्या मागच्या चाकाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "शेठची काळी होती. आणि हिची डिकी नीट बसत नाहीये."

मालक तरुण होता, तिशीतला, मोदी जाकिटात. तो फोटोवाल्यांशी बोलत होता. गाडीपाशी फडकं घेऊन उभा होता त्याचा मिस्त्री, लालबागचा, पन्नाशीचा. सासूबाई मालकाकडे ढुंकूनही न बघता मिस्त्रीकडे गेल्या.

"धुता कशी? डायरेक्ट पाणी?"

"नाही मावशी. आधी पिसाऱ्याने झटकायची, मग पाणी, मग शॅमॉय."

"बॉनेट गार झाल्यावर ना?"

"तर काय. गरमावर पाणी मारलं की रंगावर डाग."

हे दोघं मग अर्धा तास बोलत होते आणि मी बाजूला उभी राहून ऐकत होते. दिवसातला तेवढा भाग मला पुन्हा ऐकायला आवडेल. तात्या पहाटे चारला उठून गाडी पुसायचे. शॅमॉयचं मऊ कातडं बादलीत पिळून, वरून खाली, कधीच गोल नाही. लहान सासूबाईंना 'शामचं कातडं' ऐकू यायचं आणि हा शाम कोण होता, त्याला का मारलं, या विचाराने त्यांना झोप यायची नाही. क्रोमवर लिंबू फिरवायचं नाही, ते पितळेला. टायरच्या पांढऱ्या पट्टीला साबण आणि नखं कुरतडेल असा ब्रश, ते काम पोरींचं, पट्टीला एक आणा. मिस्त्रीने सांगितलं, आता खरं दुखणं रबराचं आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं, त्याने जुन्या नळ्या फुगतात, मऊ पडतात. सगळ्या बदलाव्या लागल्या. सासूबाईंना इथेनॉलशी कर्तव्य नव्हतं, पण त्यांनी मान अशी हलवली की जणू शेजारच्या पोराच्या दुखण्याची बातमी ऐकताहेत.

शेठची गाडी शिवडीची होती. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. सुटे भाग लाकडी खोक्यांतून बोटीने यायचे आणि गाडी इथे जोडली जायची. १९५४ला कंपनीने तो गाशा गुंडाळला. त्या खोक्यांच्या फळ्यांचं एक कपाट तात्यांनी करून घेतलं होतं. आतल्या बाजूला इंग्रजी अक्षरं छापलेली. सासूबाई एबीसीडी शिकल्या त्या त्या कपाटाच्या दारावर. ते कपाट मी पाहिलेलं आहे. लग्नानंतर दोन वर्षं आमच्या गॅलरीत होतं, मीच भंगारात दिलं. हे मी त्या क्षणी बोलले नाही.

एव्हाना मालक आला होता आणि कोणीतरी त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने मागचं दार उघडून धरलं. अगदी अदबीने. "आंटी, आज तुम्ही मागे बसायचं. शेठच्या जागेवर." भोवतीच्या चार लोकांनी फोन वर केले. हे दृश्य कसं होणार ते मला आधीच दिसलं.

"मागे नको बाई," सासूबाई म्हणाल्या. "मागे मला उलटी होते."

मग कळलं, की त्या मागे कैक वेळा बसल्या होत्या. शेठ परगावी गेले की तात्या गाडीचं इंजिन गरम ठेवायला म्हणून वाळकेश्वरपर्यंत चक्कर मारायचे आणि पोरांना मागे कोंबायचे. सासूबाईंना प्रत्येक वेळी मळमळायचं. एकदा तर सीटवरच झालं, आणि तात्यांनी रात्रभर दारं उघडी टाकून उदबत्त्या लावल्या.

त्यांना बसायचं होतं पुढे, चाकामागे. कारण वेगळंच. या गाडीला स्टार्टर पायाचा असतो. अॅक्सिलरेटरच्या वरच्या अंगाला एक छोटी खुंटी, ती पायाने दाबायची. गाडी पुसून झाली की तात्या त्यांना मांडीवर घेऊन म्हणायचे, हं, कर सुरू. आणि पाय कधीच पोचायचा नाही. बहिणीचा पोचायचा, ती तीन वर्षांनी मोठी. पाय पोचायच्या आत तात्या बेस्टमध्ये लागले आणि बिऱ्हाड परळला आलं.

मिस्त्रीने मालकाकडे पाहिलं, मालकाने मान हलवली. मिस्त्रीने गाडी न्यूट्रलला आहे ना बघितलं, हँडब्रेक ओढला, चोक थोडा ओढून दिला. सासूबाई चढल्या. चढायला बराच वेळ लागला, फुटबोर्ड नसलेली, पण सीट उंच. चप्पल काढून त्यांनी बाहेर रस्त्यावर नीट जोडीने ठेवली. स्टिअरिंग त्यांच्या छातीएवढं. उजवा पाय पुढे केला, पोचला. दाबला. काही नाही.

"जोरात, मावशी. घाबरू नका."

पुन्हा दाबला. आतून जात्यासारखा घरघर आवाज, एक, दोन, तीन, आणि मग सहाच्या सहा सिलिंडर एकदम बोलायला लागले. दारांच्या काचा थरथरल्या. सासूबाईंचं गुडघेदुखीचं पाऊल अजून तिथेच दाबलेलं, मिस्त्री ओरडतोय, "सोडा सोडा, लागली, पाय काढा!" त्या काही ऐकू न आल्यासारख्या समोर बघत होत्या. पाय काढल्यावर पहिलं वाक्य आलं, "एवढं जड होतं होय. मग माझ्याच्याने तेव्हा झालंच नसतं."

मी फोटो काढला. एकच, कारण हात थरथरत होता.

त्यानंतर झेंडा दाखवायची वेळ झाली आणि सगळ्या गाड्या रांगेत लागल्या. इथे उन्हाने घात केला. जानेवारी असला तरी साडेदहाचं मुंबईचं ऊन, त्यात रांगेत उभं राहून इंजिनं तापलेली. आमच्या समोरच तीसच्या दशकातली एक लांबलचक ब्यूइक दोन आचके देऊन बंद पडली. मागे भोंग्यांचा कल्लोळ, चालकाच्या कपाळावर घाम. पेट्रोल संपलं म्हणून कोणी हसलं, पण ते संपलं नव्हतं, नळीतच उकळलं होतं. पंप पातळ पेट्रोल ओढतो, वाफ त्याला ओढता येत नाही. बॉनेट उघडल्यावर आमचा लालबागचा मिस्त्री धावला आणि "पाणी, पाणी" करायला लागला. सासूबाईंनी पिशवीतून स्टीलची बाटली काढली, आपला हातरुमाल भिजवला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो पंपावर आणि नळीवर गुंडाळला. रुमालातून भसकन वाफ आली. पाच मिनिटं सगळे त्या रुमालाकडे टक लावून बघत होते. दुसऱ्या प्रयत्नाला ब्यूइक लागली आणि रुमाल घेऊनच निघून गेली. पांढरा, कडेला निळी वेलबुट्टी. माझ्या नणंदेने दिला होता.

शेवरलेट गेली तेव्हा मिस्त्री पुढे बसला होता, त्याने हात केला. सासूबाईंनी केला नाही. त्यांचे हात पुन्हा मागे.

दहा-पंधरा मिनिटांत सर्कल रिकामं झालं. रस्त्यावर तेलाचे थेंब, हवेत निळसर धूर. आम्ही फोर्टातल्या एका उपाहारगृहात मिसळ खाल्ली, ती बेताचीच होती. परतताना मेगाब्लॉकने गाठलंच, घाटकोपरच्या अलीकडे गाडी चाळीस मिनिटं रखडली. बसायला जागा नव्हती. एका मुलाने उठून सासूबाईंना खिडकी दिली, त्या लगेच डोळे मिटून झोपल्या, उजवा पाय थोडा पुढे ताणलेला.

घरी नवरा उशीला टेकून वाटच बघत होता. एकशे बेचाळीस फोटो होते. रोल्सचे त्याने मोठे करकरून पाहिले, चाकांवरून बोलला, मॉडेल टीपाशी रेंगाळला. मग तो फोटो आला. चाकामागे त्याची आई, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मिस्त्री खिडकीत ओरडतोय. आणि डावा अर्धा फोटो गुलाबी, धूसर. माझा अंगठा.

सासूबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "सकाळीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "अंगठा बाजूला ठेवायचा."